भाराची वाट

घर कशावर उभें असतें, असें कोणाला विचारलें तर तो 'भिंतींवर' असें उत्तर देईल. आणि भिंत जितकी जाड तितकें घर बळकट, असेंहि वर सांगेल. शाळेंत मुलांना मीहि कित्येक वर्षें हेंच सांगत आलों. पुढें जुन्या इमारतींचा इतिहास वाचूं लागलों, तेव्हां हें उत्तर अर्धेंच खरें आहे असें ध्यानांत आलें. छपराचा भार जमिनीपर्यंत जाण्यास अखंड वाट मिळते, म्हणून इमारत उभी राहते. ती वाट जेथें तुटते तेथें इमारत पडते. मग तिची भिंत हातभर जाड असो कीं दोन हात असो. ही वाट मनुष्यानें कशी शोधली, आणि ती विसरल्यावर काय घडलें, हें आज थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

आरंभ दगडापासून करूं. दगडाला दाबलें तर तो प्रचंड ओझें सोसतो; पण ताणलें तर लवकर तुटतो. दोन खांबांवर दगडी तुळई आडवी टाकली कीं ती ओझ्यानें किंचित् वांकते. डोळ्यांना तें दिसत नाहीं, पण तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. म्हणून तुळईची भेग मधोमध खालून सुरू होते. जाडी तीच ठेवून खांबांतील अंतर दुप्पट केलें, तर केवळ स्वतःच्या वजनानें येणारा ताण चौपट होतो. तुळईच्या बळाचा गणिती विचार गॅलिलिओनें १६३८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत मांडला. त्याचें सूत्र पुढें दुरुस्त करावें लागलें, पण वाट त्यानें दाखविली.

आमच्या पाथरवटांना सूत्र ठाऊक नव्हतें, पण दगडाचा स्वभाव ठाऊक होता. अंबरनाथचें शिवालय शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चें. सिन्नरचें गोंदेश्वराचें देऊळहि तसेंच पुरातन. अशा देवळांत खांब जवळ जवळ कां असतात, याचें उत्तर वरच्या हिशेबांत आहे. खांबाच्या डोक्यावर दोहों बाजूंस पुढें आलेला दगडी हस्त केवळ शोभेसाठीं नाहीं. तो तुळईचें अंतर कमी करतो. छत गोल करावयाचें झाल्यास दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षां थोडा पुढें सरकवीत आणि त्याच्या मागल्या अंगावर पुरेसें वजन ठेवीत. असा थरावर थर चढत अखेर मध्यें एका दगडानें तोंड मिटत असे. या रीतींत भार बहुतांशीं सरळ खालींच उतरतो. तिचें हें मोठेंच सुख. परंतु दगड फार लागतो आणि मोकळी जागा थोडी मिळते.

खरी कमान याहून निराळी. तिच्यांत पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांना असे खेटून बसतात कीं कोणताहि दगड ताणला जात नाहीं. प्रत्येक जण शेजाऱ्याला दाबतो आणि भार हातोहात खालीं जातो. भारतांत ही विद्या अगदींच अज्ञात होती असें नाहीं. उत्तरेंतील भितरगांवच्या गुप्तकालीन विटांच्या देवळांत ती दिसते. पण तिचा प्रसार झाला तो सुलतानांच्या अमदानींत. दिल्लीस कुतुबमिनाराजवळच्या मशिदीपुढें ११९९ सालीं कमानींची भव्य भिंत उभी राहिली, तेव्हां स्थानिक कारागिरांनीं आकार कमानीचा दिला, पण बांधणी आपल्या जुन्या रीतीची, थर पुढें सरकवूनच केली. पाचरीच्या दगडांची खरी कमान दिल्लींत दिसते ती त्यानंतर सुमारें नव्वद वर्षांनीं, बल्बनाच्या कबरींत. डोळ्यांनीं आकार उचलणें सोपें. त्यामागील भाराची वाट उचलण्यास तीन पिढ्या लागल्या.

कमानीचें एक ऋण मात्र फेडावें लागतें. ती आपले दोन्ही पाय सतत बाहेर रेटीत असते. कमान कधीं झोंपत नाहीं, असें जुने लोक म्हणत तें याच अर्थानें. हा आडवा रेटा अडविण्यास बाजूस जड भिंत, टेकू, दुसरी कमान किंवा बांधून ठेवणारें लोखंड हवें. रेटा कोणत्या रेषेनें जातो, हें पाहण्याची युक्ति इंग्लंडांतील रॉबर्ट हुक यानें १६७५ सालीं सांगितली. ती घरीं करून पाहण्याजोगी आहे. गळ्यांतील सांखळीचीं दोन टोकें दोन हातांत धरावीं आणि सांखळी सैल सोडावी. ती जो बांक घेते त्यांत प्रत्येक कडी केवळ ताणलेली असते. तोच बांक उलटा करून दगडांत बांधला तर प्रत्येक दगड केवळ दाबलेला राहील.

घुमट म्हणजे स्वतःभोंवतीं फिरविलेली कमान. तिचा रेटा दोनच दिशांना न जातां चोहोंकडे जातो, आणि घुमटाचा घेर फांकूं पाहतो. रोम येथील सेंट पीटरच्या विख्यात घुमटाला अशाच उभ्या भेगा पडल्या. १७४२-४३ सालीं प्रथम तीन गणितज्ञांनीं व नंतर पोलेनी या पंडितानें त्यांची परीक्षा केली. पोलेनीनें हुकची सांखळीच वापरली. घुमटाच्या त्या त्या भागाच्या वजनाच्या प्रमाणांत तिला गोळे लटकविले, आणि रेट्याची रेषा दगडाच्या जाडींतच राहते असें दाखविलें. तरीहि सावधगिरी म्हणून घुमटाला लोखंडाचीं कडीं चढविण्यांत आलीं. आमचा लोहार गाडीच्या चाकाला धाव चढवितो, तोच हा उपाय.

याच्या सुमारें ९० वर्षें आधीं, विजापुरास या प्रश्नाला निराळेंच उत्तर मिळालें होतें. ज्या आदिलशाही दरबारांत शहाजी राजांनीं सरदारकी केली, तेथील सुलतान महंमद आदिलशहा याची कबर म्हणजे गोल घुमट. सुलतान १६५६ सालीं वारला. खालचा दिवाणखाना चौरस, आंतून सुमारें १३५ फूट लांब व तितकाच रुंद. मध्यें एकहि खांब नाहीं. वर घुमट गोल, आंतला व्यास सुमारें १२४ फूट. आतां चौकोनावर वर्तुळ बसवावें कसें? कोपरे तर मोकळे राहतात.

तेथील स्थपतीनें दोन चौरस एकमेकांवर तिरपे ठेवल्यासारख्या आठ प्रचंड कमानी उभारल्या. त्या एकमेकींना छेदीत वर जातात आणि छेदांच्या ठिकाणीं अष्टकोन तयार होतो. चौकोनाचा अष्टकोन झाला, अष्टकोनावर वर्तुळाकार सज्जा बसला, आणि घुमट त्या सज्ज्याच्या आंतल्या कडेवर न बसवितां मागें सरकवून बसविला. कमानींच्या मधला चुन्यादगडाचा जो अवजड भाग आंत झुकलेला आहे, तो आपल्या वजनानें आंत ओढतो. घुमट बाहेर रेटतो. दोघांची अशी तोलातोल होते, असा जाणत्यांचा अभिप्राय आहे. लोक तेथें प्रतिध्वनि ऐकण्यास जातात, आणि ऐकावाहि. पण एकदां मान वर करून त्या आठ कमानी मोजाव्या आणि भार कोणत्या वाटेनें खालीं आला, तें नजरेनें उतरून पाहावें.

आतां तिसरी रीत. तिच्यांत भार वाहणारा सांगाडा वेगळा आणि आडोसा करणारी भिंत वेगळी. ही रीत परकी नाहीं. आमच्या वाड्यांतील व खेड्यांतील 'खण' म्हणजे हीच: लांकडी खांब, त्यांवर तुळया, त्यांवर माळवद. मुंबईस वॉटसन हॉटेलची इमारत १८६७ ते ६९ या काळांत उभी राहिली, ती इंग्लंडांत घडविलेल्या लोखंडी सांगाड्यावर. पुढें काँक्रीट आलें. काँक्रीटचा स्वभाव दगडाचाच, दाब सोसणारा व ताणाला भिणारा. म्हणून ताण जेथें येतो तेथें त्यांत लोखंडी सळ्या घालतात. साध्या तुळईंत त्या खालच्या अंगाला हव्या. भिंतीबाहेर काढलेल्या सज्ज्यांत मात्र ताण वरच्या अंगाला येतो. तेथें सळ्या वर हव्या. त्या तुडवून खालीं दाबल्या गेल्या, तर लोखंड तितकेंच असूनहि सज्जा कोसळतो.

हें सारें पंडितांपुरतें आहे, असें कोणास वाटेल. त्यांनीं ३० सप्टेंबर १९९३ ची पहांट आठवावी. गणपतीचें विसर्जन करून माणसें निजलीं होतीं. चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला, आणि लातूर व उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, या जिल्ह्यांत सात हजारांहून अधिक माणसें दगावलीं. तेथील भिंती कांहीं बारीक नव्हत्या. दोन दोन, तीन तीन फूट जाड होत्या. पण ती जाडी एकजीव नव्हती. आंत एक दगडांचा पदर, बाहेर दुसरा, मध्यें चुरा नि माती. आरपार जाऊन दोन्ही पदर बांधणारे लांब दगड बहुधा नव्हते. जमीन हालतांच पदर सुटले, फुगले आणि पडले. माळवदावर वर्षानुवर्षें चढविलेली माती वरून आली. आणि अनेक ठिकाणीं ढासळलेल्या भिंतींच्या मधोमध लांकडी खणांचे खांब मात्र उभे होते! ज्यांना आपण घराचा आधार समजत होतों त्या भिंतींनीं माणसें मारलीं, आणि ज्यांच्याकडे कोणाचें लक्ष नव्हतें त्या खांबांनीं आपला भार सोडला नाहीं.

त्यानंतर जाणत्यांनीं जे उपाय सांगितले ते साधेच आहेत: भिंतींत आरपार दगड घाला, छपरावरील माती कमी करा, चारी भिंतींना एका आडव्या पट्ट्यानें बांधा. सेंट पीटरचें कडें आणि हा पट्टा यांत तत्त्व एकच.

आज जुन्या घरांत दुकान काढण्यासाठीं भिंत पाडतात, खोली मोठी करण्यासाठीं खांब काढतात, आणि वर मजला चढवितात. गवंड्याच्या हातीं पहार देण्यापूर्वीं घरधन्यानें एकच प्रश्न विचारावा: या ठिकाणावरून कोणाचा भार खालीं जातो, आणि हें काढल्यावर तो कोणत्या वाटेनें जाईल? उत्तर देणारा जाणता मनुष्य भेटेपर्यंत पहार भिंतीला टेकवून ठेवावी.