गिअरबॉक्स : दुरुस्त करावा की बदलावा?



शाळेच्या पुस्तकात मोटारीचा इतिहास एका ओळीत संपायचा. "1886 साली कार्ल बेंझ यांनी मोटारीचे पेटंट घेतले." मुले ती ओळ पाठ करत, परीक्षेत लिहीत आणि एक गुण मिळवत. पण मला त्या ओळीपेक्षा तिच्यानंतरची गोष्ट नेहमी जास्त आवडत आली आहे, कारण ती दुरुस्तीची गोष्ट आहे.

ऑगस्ट 1888 मध्ये कार्लची बायको बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे माहेरी, निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. मोटारीने इतका लांबचा प्रवास तोवर कुणी केलेला नव्हता. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. साखळी लोहाराकडून नीट करून घेतली. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यावर कातडे ठोकून घेतले. पण एका गोष्टीपुढे तिचे काही चालले नाही. चढ आला की गाडी थकायची आणि मुलांना खाली उतरून ढकलावी लागायची. घरी परतल्यावर तिने नवऱ्याला सांगितले की चढासाठी हिला आणखी एक गिअर हवा. आणि कार्लसाहेबांनी तो बसवला! माहेरी निघालेल्या बाईच्या तक्रारीतून मोटारीला चढाचा गिअर मिळाला, हे वर्गात सांगितले की मुली विशेष खूश होत.

आता गिअर लागतोच कशाला? सायकल चालवलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. चढावर पाय भरभर फिरवायचे आणि चाक हळू फिरू द्यायचे, म्हणजे जोर मिळतो. मोटारीचे इंजिन फार हळू फिरले तर त्याच्यात दम उरत नाही, ते बंदच पडते. म्हणून इंजिन आणि चाके यांच्यामध्ये लहानमोठी दातेरी चाके घालायची. जोर हवा तेव्हा वेग सोडायचा, वेग हवा तेव्हा जोर सोडायचा. दोन्ही एकदम मिळत नाही. संसाराचाही नियम हाच आहे म्हणा!

आज आपण ज्याला गिअरबॉक्स म्हणतो त्याचा पूर्वज फ्रान्समधला. पानार आणि लव्हासोर या कंपनीच्या एमिल लव्हासोर यांनी 1891 च्या सुमारास इंजिन पुढे, मग क्लच, मग गिअरबॉक्स आणि जोर मागच्या चाकांना, अशी रचना बसवली. पुढची कित्येक दशके जगातल्या बहुतेक गाड्या याच रांगेत बांधल्या गेल्या. याच लव्हासोर यांनी 1895 मध्ये पॅरिस-बोर्दो-पॅरिस या शर्यतीत सुमारे 1,178 किलोमीटर अंतर 48 तास 48 मिनिटांत कापले, तेही जवळजवळ अखंड स्वतःच चालवत.

त्यांच्या गिअरबॉक्समध्ये दातेरी चाके आसावर सरकवून एकमेकांत घुसवावी लागत. फिरत्या चाकात फिरते चाक घालायचे! दोघांचा वेग जुळला नाही तर खर्रर्र असा आवाज होऊन दातांचे तुकडे पडत. त्यावर चालकांनी काढलेला तोडगा म्हणजे डबल क्लच. क्लच दाबून गाडी न्यूट्रलला आणायची, क्लच सोडायचा, खालचा गिअर हवा असेल तर ॲक्सिलरेटर किंचित दाबून इंजिनाचा वेग वाढवायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग गिअर टाकायचा. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर आपली पहिली एस.टी. धावली. त्यानंतरच्या काळात घाटातून एस.टी.ने गेलेल्यांच्या कानात तो आवाज अजून असेल. आधी इंजिनाची एक डरकाळी, मग क्षणभर शांतता, मग खट्! चांगला ड्रायव्हर तो आवाज ऐकून गिअर टाकी, बघून नव्हे.

हा त्रास कमी झाला तो सिंक्रोमेशमुळे. अमेरिकेत अर्ल थॉम्पसन यांनी ती युक्ती शोधली आणि 1928 मध्ये कॅडिलॅक गाडीत ती प्रथम आली. त्यात दातेरी चाके कायम एकमेकांत गुंतलेलीच असतात, पण एका आसावरची चाके मोकळी फिरत असतात. आपण दांडा हलवतो तेव्हा त्यातले एक चाक आसाशी जखडले जाते. जखडण्याआधी पितळेसारख्या पिवळ्या धातूची एक कडी त्या चाकाच्या शंकूसारख्या भागावर घासून दोघांचा वेग सारखा करते. हीच सिंक्रो रिंग. ती मऊ धातूची असते, कारण झिजायचे काम तिचे. ती झिजते म्हणून पोलादी दाते वाचतात. घरात अशी एखादी व्यक्ती असतेच, जी दोघांच्या मध्ये स्वतः घासली जाऊन इतरांची भांडणे टाळते. तिच्याकडे लक्ष जाते ते ती थकल्यावरच.

आता मूळ मुद्द्याकडे येते. गिअरबॉक्स बिघडला तर तो दुरुस्त करावा की अख्खा बदलावा? हा प्रश्न यंत्राचा वाटतो खरा, पण इतिहास पाहिला तर तो बराचसा माणसांच्या वेळेच्या किमतीचा आहे.

हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी 1908 मध्ये आली. तिचा गिअर पायातल्या पेडलांनी बदलत असे आणि आतल्या ड्रमभोवती आवळणाऱ्या पट्ट्यांचे कापडी अस्तर वरचेवर झिजत असे. ते बदलणे हे मालकाचेच काम मानले जाई. दीड कोटी गाड्या विकल्या गेल्या, आणि त्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी आपल्या अंगणात दुरुस्त केल्या. पुढे मजुरी महाग झाली. इंग्लंडमध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन 'गोल्ड सील' नावाने कारखान्यात नूतनीकरण केलेली इंजिने आणि गिअरबॉक्स देऊ लागली. जुना द्यायचा, तयार झालेला घ्यायचा आणि गाडी रस्त्यावर. मेस्त्रीने आत काय मोडले ते शोधत बसायचे नाही, कारण त्याचा तास महाग.

आपल्याकडे नेमके उलटे होते. आपली ॲम्बॅसडर ही त्याच इंग्लिश कुळातली. मॉरिस ऑक्सफर्डवरून ती 1957 पासून उत्तरपाड्याला बनू लागली. फियाट 1100 बनत होती मुंबईत कुर्ल्याला, सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. तिचेच नाव 1974 मध्ये पद्मिनी झाले. गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबायचे, आणि परदेशी सुटे भाग आणायचे तर परवाने. वस्तू महाग, माणसाचा वेळ स्वस्त. अशा देशात अख्खा गिअरबॉक्स बदलण्याचा विचार करणार कोण? मोडलेला तेवढाच भाग बदलायचा, नाही मिळाला तर दुसऱ्या गाडीचा काढायचा, तोही नाही मिळाला तर लेथवर करून घ्यायचा. कुर्ल्याचा जुन्या सुट्या भागांचा बाजार आणि पुण्याचा जुना बाजार यांनी किती गाड्यांचे आयुष्य वाढवले असेल याची गणती नाही. आपण याला कौतुकाने 'जुगाड' म्हणतो, पण मला तो शब्द अपुरा वाटतो. टंचाईने शिकवलेली ती एक विद्याच होती. अर्थात टंचाईचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. सात-आठ वर्षे गाडीची वाट पाहणाऱ्यांना त्यात काही रम्य वाटत नव्हते.

14 डिसेंबर 1983 रोजी पहिल्या मारुती 800 च्या किल्ल्या दिल्या गेल्या आणि हे चित्र बदलू लागले. 1991 नंतर तर झपाट्याने. सुटे भाग मिळू लागले, 'खोलून बघू' म्हणणारे कमी झाले आणि 'असेंब्लीच बदला' म्हणणारे वाढले.

हे सगळे लिहायचे निमित्त बऱ्याच जणांना माहीत आहे. आमच्याकडे ह्यांनी 1986 मध्ये घेतलेली पद्मिनी आहे. ह्यांच्या माघारी पुतण्या ती दर रविवारी फिरवून आणतो. गेल्या पावसाळ्यापासून तिचा दुसरा गिअर टाकताना खरखरू लागला, मग टाकलेला गिअर आपोआप सुटू लागला. तिसरा-चौथा ठीक. पहिल्या गिअरला या गाडीत सिंक्रो नसतोच, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकायचा नाही हे ह्यांनी घरातल्या प्रत्येकाला बजावलेले.

घरात तीन पक्ष झाले. लेकीचे म्हणणे, "आई, आता भंगारात दे. किती दिवस ओझं वागवणार?" पुतण्याचे म्हणणे, "काकू, दुसऱ्या गाडीचा पाच गिअरचा बॉक्स बसवू, खाली दांडा येईल, मस्त चालेल." आणि माझे म्हणणे, आधी उघडून तर बघा.

आमचे मेस्त्री साठीच्या पुढचे. त्यांनी आधी गिअरबॉक्सचे ऑइल एका पसरट भांड्यात काढले आणि मला बोलावून दाखवले. "काकू, हे पिवळं चमकतंय ना, ती सिंक्रोची भुकटी. पोलादाचे तुकडे असते तर दाते गेले म्हणायचं. दाते शाबूत दिसतायत." मग प्रोपेलर शाफ्ट सोडवला, बॉक्स खाली उतरवला आणि टेबलावर उघडला. त्यांचे निदान बरोबर निघाले. दुसऱ्या गिअरची रिंग गुळगुळीत झाली होती, गिअर जागेवर धरून ठेवणारी स्प्रिंग मऊ पडली होती आणि एक बेअरिंग आवाज करत होते. मधल्या काळात एका ठिकाणी सर्व्हिसिंगला दिली असताना तिच्यात भलतेच ऑइल भरले गेले होते. काही ऑइलमधली रसायने पिवळ्या धातूला खातात, हे मेस्त्रींनीच मला समजावले. हाताखालचा मुलगा बारीक सुईसारखे रोलर ग्रीसने एकेक चिकटवत होता आणि मेस्त्री मोठ्याने मोजत होते. एक जरी कमी भरला तरी सगळे पुन्हा खोलावे लागते.

चार दिवस लागले, सगळे मिळून 14 हजार रुपये झाले. लेकीला हा हिशेब पटलेला नाही, आणि हिशेब म्हणून तिचे चूक आहे असे मी म्हणणार नाही. भावनेला पावती मिळत नाही.

पण पुतण्याने मला एक चांगला प्रश्न विचारला. "काकू, आत इतकं बदललंच आहे, मग अख्खा बॉक्स बदलला असता तर काय फरक पडला असता?" मला मिलिंद राजाची आठवण झाली. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला हा ग्रीक राजा मिनँडर. 'मिलिंदपञ्हो' या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन त्याला रथाविषयी विचारतात. रथ म्हणजे आस का, चाके का, जू का? यातले एकही रथ नाही आणि यांच्याखेरीज निराळा रथही नाही. नागसेनांच्या मताने पाहिले तर ह्यांची गाडी अशी काही वस्तूच नाही, आपण दिलेले ते एक नाव. वाद घालायला मी नागसेनांएवढी शहाणी नाही. पण त्या भागांबरोबर आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे ते भाग जुळवण्याचे ज्ञान. अख्खा बॉक्स बदलला असता तर गाडी चाललीच असती. मात्र त्या हाताखालच्या मुलाने या बॉक्सच्या आत काय असते ते पाहिले नसते.

आणि पाहायची संधी आता फार उरलेली नाही. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ची, ताडदेवच्या आरटीओतली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. ॲम्बॅसडरचे उत्पादन 2014 मध्येच थांबले. आता क्लच न दाबता चालणाऱ्या गाड्या वाढत आहेत, आणि बहुतेक विजेच्या गाड्यांना तर बदलायचे गिअरच नसतात. विजेची मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते, म्हणून बर्थाबाईंची तक्रारच तिथे उद्भवत नाही. हे चांगलेच झाले. चढावर मुलांना गाडी ढकलावी लागू नये यासाठीच तर हा सारा खटाटोप होता.

फक्त एवढेच वाटते, की एखादी विद्या जाते तेव्हा ती लिहून ठेवलेली नसते. राजांच्या सनावळ्या आपल्याकडे आहेत, पण घाटात डबल क्लच कसा मारायचा, ऑइलचा रंग पाहून आजार कसा ओळखायचा, हे कुठल्याही बखरीत सापडणार नाही. तुमच्या घरात, शेजारात कुणी जुने ड्रायव्हर किंवा मेस्त्री असतील तर त्यांच्याजवळ तासभर बसा, विचारा आणि लिहून काढा. शुद्धलेखन मी तपासून देईन!