ताई चिंपांझी प्रकल्प

पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टच्या नैर्ऋत्य भागात, ताई राष्ट्रीय उद्यानाच्या सदाहरित जंगलात चालणारा दीर्घकालीन संशोधन प्रकल्प. ख्रिस्तोफ बोश यांनी पत्नी हेडविग यांच्यासह 1979 मध्ये तो सुरू केला, तेव्हा रोगराई हा विषयच नव्हता. दगड-लाकडांचे घाव घालून टणक कवचाची फळे फोडणारे चिंपांझी हा कुतूहलाचा विषय होता.

1994 मध्ये चिंपांझी पटापट मरू लागले. एका मृत चिंपांझीचे शवविच्छेदन करणारी संशोधिका तापाने फणफणली. तिच्या रक्तात इबोलाचा नवाच प्रकार सापडला. ती वाचली. 2001–02 मध्ये पुन्हा मृत्यू झाले, त्यांचे कारण काळपुळी (अँथ्रॅक्स) निघाले. हा रोग गवताळ माळावरच्या गुराढोरांचा, अशी तोवरची समजूत होती. पशुवैद्यक फाबियान लेंडर्ट्झ व सहकाऱ्यांनी जुनी हाडे तपासलीच, शिवाय मढ्यांवर बसणाऱ्या माश्याही पकडल्या. माशीच्या पोटातील डीएनएवरून तिने कोणता प्राणी खाल्ला ते कळते, जंतूही हाती लागतो. तपासलेल्या मृत प्राण्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक काळपुळीचे बळी असल्याचे 2017 मध्ये प्रसिद्ध झाले.

सर्वांत अडचणीचा निष्कर्ष मात्र 2008 चा. 1999 ते 2006 दरम्यानच्या श्वसनरोगाच्या साथींत दगावलेल्या चिंपांझींच्या फुप्फुसांत माणसाला साधी सर्दी आणणारे विषाणू मिळाले. म्हणजे आजार बहुधा अभ्यासकांनीच जंगलात नेला होता. तरीही प्रकल्प गुंडाळणे हा उपाय नव्हता, कारण अभ्यासकांचा राबता असलेल्या भागात शिकाऱ्यांचे फारसे फावत नाही. मग नियम कडक झाले: बाहेरून आलेल्याने पाच दिवस वेगळे राहायचे, जंगलात मास्क लावायचा, चिंपांझींपासून किमान सात मीटर दूर थांबायचे, शिंक आली तर मागे फिरायचे. प्रकल्पाच्या नामांकित शोधनिबंधांइतकेच, किंबहुना काकणभर जास्तच, मोल या रोजच्या शिस्तीचे आहे.

मृत प्राण्यांचे नमुने जपून ठेवण्याची सवयही उपयोगी पडली. 2018 मध्ये येथील चिंपांझींत कुष्ठरोगाची लक्षणे दिसली, तेव्हा जुना साठा तपासण्यात आला. 2009 मध्ये बिबट्याने मारलेल्या एका मादीच्या नमुन्यांतही तोच जंतू आढळला. त्याचा वाण माणसांत क्वचितच आढळणारा असल्याने, या वेळी रोगाचा उगम संशोधकांत नसावा, असा अंदाज आहे.