वसंतातील उष्णता आणि आठवड्याचा हवामान अंदाज : निकष, कारणे आणि दक्षता

'होळी जळाली, थंडी पळाली' असे मराठीत म्हटले जाते. अलीकडच्या काही वर्षांत मात्र होळीपूर्वीच देशाच्या अनेक भागांत उन्हाचा तडाखा जाणवू लागला आहे. १९०१ पासून उपलब्ध असलेल्या नोंदींनुसार मार्च २०२२ हा कमाल तापमानाच्या दृष्टीने देशातील तोपर्यंतचा सर्वाधिक उष्ण मार्च ठरला. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान २९.५४ अंश सेल्सिअस इतके नोंदले गेले, तर सरासरी तापमानाचा विचार करता फेब्रुवारी २०२५ हा १९०१ पासूनचा सर्वाधिक उष्ण फेब्रुवारी ठरला.

या काळात तापमान सरासरीपेक्षा पाच-सहा अंशांनी वाढले, तरी हवामान वार्तापत्रात 'उष्णतेची लाट' हा शब्दप्रयोग येईलच असे नाही. त्यामुळे धोका नाही असा समज होण्याची शक्यता असते. हा समज का चुकीचा आहे आणि आठवड्याच्या अंदाजातील शब्दांचा नेमका अर्थ काय, याची माहिती येथे देण्यात येत आहे.

उष्णतेच्या लाटेचे निकष

१८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामान विभागाने उष्णतेच्या लाटेसाठी निश्चित निकष ठरवले आहेत. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस, तर डोंगराळ प्रदेशात किमान ३० अंश झाल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार केला जात नाही. ही मर्यादा ओलांडल्यानंतर तापमान सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी अधिक असेल तर उष्णतेची लाट आणि ६.४ अंशांहून अधिक असेल तर तीव्र उष्णतेची लाट मानली जाते. सरासरी काहीही असली, तरी मैदानी प्रदेशात पारा ४५ अंशांवर गेल्यास लाट आणि ४७ अंशांवर गेल्यास तीव्र लाट समजली जाते.

किनारपट्टीसाठी वेगळा निकष आहे. तेथे कमाल तापमान किमान ३७ अंश असावे लागते आणि ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी अधिक असावे लागते. हवेतील आर्द्रतेमुळे किनाऱ्यावर कमी तापमानातही शरीराला अधिक त्रास होतो, हे यामागील कारण आहे.

हवामानाच्या दृष्टीने देशाचे ३६ उपविभाग करण्यात आले आहेत. कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ हे त्यांपैकी चार होत. उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस निकष पूर्ण झाल्यास दुसऱ्या दिवशी उष्णतेची लाट घोषित केली जाते.

'सरासरीपेक्षा अधिक' या शब्दांचे महत्त्व

या निकषांमधून एक गोष्ट स्पष्ट होते. फेब्रुवारीच्या अखेरीस एखाद्या मैदानी शहरात ३० अंश ही सरासरी असताना पारा ३६ अंशांवर गेला, तर वाढ सहा अंशांची असली तरी ४० अंशांची मर्यादा न ओलांडल्यामुळे लाट घोषित होणार नाही. परंतु पिकांवर आणि माणसांच्या शरीरावर त्या वाढीचा परिणाम होतोच. उन्हाळ्याची सवय होण्यास शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. मे महिन्यात सहज सोसला जाणारा उकाडा वसंतात आजाराला कारण ठरू शकतो तो त्यामुळेच.

म्हणून फेब्रुवारी आणि मार्चमध्ये केवळ कमाल तापमानाचा आकडा न पाहता, त्याच्यासोबत दिलेली सरासरीतील तफावत पाहणे आवश्यक ठरते. ही सरासरी त्या ठिकाणच्या तीस वर्षांच्या नोंदींवरून काढली जाते. तापमान सावलीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर ठेवलेल्या हवेशीर पेटीत मोजले जाते. भर उन्हात, डांबरी रस्त्यावर किंवा पत्र्याच्या छपराखाली जाणवणारी उष्णता त्याहून बरीच अधिक असते.

किमान तापमानाकडेही लक्ष देणे गरजेचे आहे. रात्री पारा पुरेसा उतरला नाही, तर दिवसभर तापलेल्या शरीराला सावरण्याचा अवधी मिळत नाही. कमाल तापमान ४० अंश किंवा अधिक असताना रात्रीचे तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा अधिक राहिल्यास हवामान विभाग 'उष्ण रात्र' असा उल्लेख करतो.

अकाली उष्णतेची कारणे

हिवाळ्यात आणि वसंतात भूमध्य समुद्राच्या दिशेने येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे वायव्य भारतात ढग, पाऊस आणि हिमवृष्टी होते. हे विक्षोभ क्षीण झाले किंवा त्यांची संख्या घटली, की आकाश निरभ्र राहते आणि जमीन लवकर तापते. मार्च २०२२ मध्ये नेमके हेच घडले. त्या महिन्यात देशात सरासरी ३०.४ मिलिमीटरच्या तुलनेत केवळ ८.९ मिलिमीटर, म्हणजे ७१ टक्के कमी पाऊस झाला आणि कमाल तापमानाची सरासरी ३३.१० अंशांवर पोहोचली.

दुसरे कारण म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरातील अधिक दाबाचे क्षेत्र. अशा क्षेत्रात हवा खाली उतरते, दाबली जाऊन तापते आणि ढगांची निर्मिती रोखते. जमिनीतील ओलावा कमी असल्यास सूर्याची उष्णता बाष्पीभवनात खर्च न होता हवा तापवण्यातच खर्ची पडते.

मुंबईसह कोकण किनारपट्टीवर समुद्रावरून येणारे वारे निर्णायक ठरतात. एरवी दुपारपूर्वी हे वारे सुरू होतात आणि पारा आटोक्यात राहतो. जमिनीवरून वाहणारे पूर्वेकडील वारे प्रबळ असतील, तर समुद्री वारे उशिरा पोहोचतात आणि तोपर्यंत तापमान झपाट्याने वाढते. एकाच दिवशी कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन केंद्रांवरील तापमानात काही अंशांचा फरक दिसतो, कारण कुलाबा समुद्राने वेढलेले आहे.

आठवड्याचा अंदाज कसा वाचावा

हवामानाचे अंदाज कालावधीनुसार दिले जातात. काही तासांपुरता तात्कालिक अंदाज, तीन दिवसांपर्यंतचा अल्प मुदतीचा अंदाज, दहा दिवसांपर्यंतचा मध्यम मुदतीचा अंदाज आणि दर गुरुवारी दिला जाणारा पुढील काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज असे त्यांचे प्रकार आहेत. दिवस जितका लांबचा, तितकी अनिश्चितता अधिक असते. त्यामुळे आठवड्याच्या अंदाजातील पहिल्या तीन दिवसांवर प्रत्यक्ष नियोजन करावे आणि उर्वरित दिवसांचा कल लक्षात घेऊन अंदाज रोज नव्याने पाहावा.

वार्तापत्रातील ठरावीक वाक्यांचे अर्थ समजून घेणे उपयुक्त ठरते. 'तापमानात मोठा बदल संभवत नाही' याचा अर्थ तापमान सामान्य राहील असा नसतो. पारा आधीच सरासरीपेक्षा पाच अंशांनी अधिक असेल, तर तो तसाच राहील असे त्यातून सूचित होते. 'दोन दिवसांनंतर तापमानात दोन ते तीन अंशांनी घट' असे म्हटले असल्यास ती घट आजच्या तापमानाच्या तुलनेत असते, सरासरीच्या तुलनेत नव्हे.

पावसाच्या संदर्भात 'तुरळक ठिकाणी' म्हणजे उपविभागातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे त्याहून अधिक केंद्रांवर पाऊस अपेक्षित असतो. वसंतातील उष्णतेची अखेर अनेकदा मेघगर्जना, सोसाट्याचा वारा आणि गारपिटीने होते. तापलेल्या जमिनीवर समुद्रावरून बाष्प आले, की उंच ढग वेगाने तयार होतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेल्या गारपिटीने रब्बी पिकांची आणि फळबागांची मोठी हानी केली होती. म्हणून उष्णता ओसरण्याचा अंदाज दिसताच विजा व गारपिटीचा इशारा आहे का, हेही तपासावे.

इशाऱ्यांसाठी चार रंग वापरले जातात. हिरवा रंग कोणत्याही विशेष कृतीची गरज नसल्याचे दर्शवतो. पिवळा रंग लक्ष ठेवण्यास, नारंगी रंग सज्ज राहण्यास आणि लाल रंग तातडीने कृती करण्यास सुचवतो.

शेतीवरील परिणाम

पंजाब, हरियाणा आणि उत्तर प्रदेशात मार्च महिन्यात गव्हाचा दाणा भरत असतो. या अवस्थेत तापमान वाढल्यास दाणा पूर्ण भरण्यापूर्वीच पक्व होतो, आकसतो आणि वजन घटते. २०२२ मध्ये गव्हाच्या उत्पादनाचा ११ कोटी १३ लाख टनांचा सरकारी अंदाज घटवून मे महिन्यात १० कोटी ६४ लाख टनांवर आणण्यात आला आणि १३ मे २०२२ रोजी केंद्र सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. काही आठवड्यांच्या अकाली उष्णतेचा परिणाम शेतापासून आंतरराष्ट्रीय बाजारापर्यंत कसा पोहोचतो, याचे हे उदाहरण होय. महाराष्ट्रात कोकणातील आंब्याची फळगळ आणि उशिरा पेरलेल्या गव्हाचे नुकसान ही या काळातील प्रमुख चिंता असते.

शेतकऱ्यांसाठी दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुढील पाच दिवसांच्या अंदाजावर आधारित कृषी सल्ला प्रसिद्ध केला जातो. 'मेघदूत' या मोबाइल ॲपवरही तो उपलब्ध असतो. उष्ण दिवसांत पिकांना सकाळी लवकर किंवा सायंकाळी हलके पाणी द्यावे, वारा जोराचा असताना गव्हाला पाणी देऊ नये आणि काढलेले पीक उघड्यावर ठेवू नये.

आरोग्यविषयक दक्षता

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे खुल्या मैदानावर झालेल्या कार्यक्रमात कित्येक तास उन्हात बसलेल्या नागरिकांना उष्माघाताचा त्रास झाला आणि १४ जणांना प्राण गमवावे लागले. मे महिन्याची प्रतीक्षा न करता दक्षता घेण्याची आवश्यकता या घटनेने अधोरेखित केली. अहमदाबाद महानगरपालिकेने मे २०१० मधील जीवघेण्या उष्णतेनंतर २०१३ मध्ये शहरासाठी उष्णता कृती आराखडा लागू केला. त्यानंतर अनेक शहरांनी आणि राज्यांनी असे आराखडे तयार केले आहेत.

तापमान सरासरीपेक्षा लक्षणीय वाढल्यास दुपारी १२ ते ३ या वेळेत उन्हात जाणे टाळावे. तहान नसली तरी थोड्या थोड्या वेळाने पाणी, ताक, पन्हे, कोकम किंवा लिंबू सरबत घ्यावे. सैल, सुती कपडे वापरावेत आणि डोके झाकावे. लहान मुले, ज्येष्ठ नागरिक, गर्भवती महिला, हृदयरोगी, तसेच शेतात, बांधकामावर व रस्त्यावर काम करणारे श्रमिक यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे. मुलांना किंवा प्राण्यांना उभ्या वाहनात बंद करून ठेवू नये.

चक्कर, मळमळ, तीव्र डोकेदुखी आणि पायांत गोळे येणे ही प्राथमिक लक्षणे आहेत. अशा व्यक्तीस सावलीत नेऊन पाणी किंवा जलसंजीवनी द्यावी. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअस म्हणजे १०४ अंश फॅरनहाइटवर जाणे, असंबद्ध बोलणे किंवा शुद्ध हरपणे ही उष्माघाताची लक्षणे असून ती प्राणघातक ठरू शकतात. रुग्णाचे कपडे सैल करून अंग थंड पाण्याने ओले करावे, वारा घालावा आणि विनाविलंब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध व्यक्तीस तोंडाने पाणी पाजू नये.

आठवड्याचा अंदाज पाहताना कमाल तापमान, सरासरीतील तफावत, किमान तापमान आणि इशाऱ्याचा रंग या चार बाबी नागरिकांनी रोज तपासाव्यात. 'उष्णतेची लाट' घोषित झालेली नसतानाही त्यांपैकी तफावत आणि रात्रीचा पारा धोक्याची सूचना वेळेत देतात.