चुना, मेंटल आणि संकासुर

‘दिवे लावणे’ हा मराठीतला मोठा अन्यायकारक वाक्प्रचार आहे. पोरगा गणितात नापास झाला की बाप विचारतो, “काय दिवे लावलेस?” म्हणजे दिवे लावणे हे नापासांचे काम, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. माझ्या भाच्याने तिला सुरुंग लावला आहे. तो खरोखरीच दिवे लावण्याच्या परीक्षेला बसतो आहे. रंगमंचावरची प्रकाशयोजना! अभ्यासक्रम आहे, प्रश्नपत्रिका आहे, पास झाला तर प्रमाणपत्र आहे. उजळणी घ्यायला घरात दुसरे कोणी रिकामे नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आले. मी पडलो बी.कॉम. आणि वर बँकेत कारकून. उजेडाशी माझा संबंध लाइटबिलापुरता. पण पुस्तक उघडले आणि ध्यानात आले, की ही कथा आपल्या जत्रेतल्या दशावताराचीच आहे. फक्त नावे तेवढी सायबाची.

पहिला धडा हिशेबाचा, त्यामुळे मी खूश. एका मेणबत्तीचा एक मीटरवर पडणारा उजेड म्हणजे साधारण एक लक्स. ऑफिसात लिहा-वाचायला तीनशे ते पाचशे लक्स लागतात. आणि ज्याच्यावर कवींनी वह्यांच्या वह्या भरल्या, ते पौर्णिमेचे चांदणे भरते जेमतेम पाव लक्स! मग येतो व्यस्त वर्गाचा नियम. दिव्यापासून दुप्पट लांब गेलात तर उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. समजा, पाचशे मेणबत्त्यांच्या ताकदीची पेट्रोमॅक्स आहे. एक मीटरवर ५०० लक्स, दोन मीटरवर १२५, चार मीटरवर ३१. चक्रवाढ व्याजातसुद्धा माणूस इतक्या झपाट्याने बुडत नाही.

आता इतिहास. प्रसिद्धीच्या झोताला साहेब ‘लाइमलाइट’ म्हणतो. लाइम म्हणजे चुना. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या ज्वाळेत चुन्याचा खडा तापवला की तो पांढराशुभ्र पेटतो. १८२०च्या दशकात टॉमस ड्रमंडने तो आयर्लंडच्या जमीनमोजणीसाठी वापरला आणि १८३७ साली तो लंडनच्या कॉव्हेंट गार्डन थिएटरात नटांच्या तोंडावर पडला. तिकडे चुना लागला की माणूस प्रसिद्ध होतो. इकडे चुना लागला की तो आमच्या काउंटरवर येऊन आरडाओरडा करतो.

मग आली वीज. लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात १८८१ साली सुमारे १२०० विजेचे दिवे लागले. आग लागेल म्हणून प्रेक्षक घाबरलेले. तेव्हा मालक डॉयली कार्ट ह्याने रंगमंचावर येऊन पेटता बल्ब सगळ्यांसमक्ष फोडून दाखवला. काही झाले नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे जत्रेत बल्ब फुटला असता तर देवाला कौल लावावा लागला असता.

पण आमच्या दशावताराला उजेड दिला तो विजेने नव्हे, मेंटलने. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने १८८५ साली गॅसबत्तीचे मेंटल काढले. पुढे त्याचे प्रमाण ठरले: ९९ टक्के थोरियम आणि एक टक्का सेरियम. नुसत्या थोरियमचा उजेड अगदी फिका. तो एक टक्का पडला की झगझगाट. सगळ्या ऑफिसचे काम एकटा शिपाई ओढतो, तसेच हे. आणि थोरियम कुठले? १९०९ साली शोंबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरच्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत ते सापडले. म्हणजे ज्या काथ्याला आम्ही सुंभापलीकडे किंमत दिली नाही, त्याची वाळू झटकून जर्मनांनी उजेड पाडला. तिकडच्याच ग्रेट्झच्या कारखान्यातली पेट्रोमॅक्स मग गावोगाव पोचली.

माझ्या लहानपणी वाडीच्या जत्रेत अशा दोन बत्त्या मांडवाच्या खांबाला टांगलेल्या असत. पडदा नाही, विंग नाही. एक बाकडे, पायपेटी, मृदंग आणि झांज. बत्ती मंद झाली की ऐन युद्धात एक गृहस्थ लुंगी सावरत देव आणि राक्षसाच्या मधून जात, बत्ती उतरवून पंप मारत आणि उजेड फाकला की युद्ध पुढे चालू. राक्षसही तेवढा वेळ सौजन्याने थांबे. आता तो व्यस्त वर्गाचा नियम बघा. महत्त्वाचे बोलायचे असेल तर नट आपोआप बत्तीखाली येई. काम संपले की दोन पावले मागे सरून ३१ लक्समध्ये विरून जाई. हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते. येलचा प्राध्यापक स्टॅन्ली मॅककँडलेस ह्याने १९३२ साली पुस्तक लिहून सांगितले, की उजेडाचे काम नुसते दाखवणे नव्हे; काय दाखवायचे ते निवडणे, चित्र जुळवणे आणि मनाची अवस्था तयार करणे हेही आहे. आमचा संकासुर ते इंग्रजी न वाचता करत होता. काळे कपडे, मागे काळोख. आधी नुसता आवाज, मग मालवणीतली एक इरसाल कोटी, आणि मग तो.

कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर तर ह्याहून पुढचे. चामड्याच्या बाहुल्या, पांढरा पडदा आणि मागे दिवा. बाहुली दिव्याकडे नेली की रावण वाढतो, पडद्याला टेकवली की आपल्या मापावर येतो. ह्या कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. परीक्षेच्या पुस्तकात छायेचे प्रकरण सतरा पानांचे आहे. पिंगुळीत ते मनगटात आहे.

भाच्याचे दैवत मात्र कलकत्त्याचे तापस सेन. १९५९ साली ‘अंगार’ नाटकात त्यांनी कोळशाच्या खाणीत चढत जाणारे पाणी नुसत्या उजेडाने दाखवले. थेंबभर पाणी नाही आणि प्रेक्षकांचा जीव गुदमरतो! आमच्याकडेही आता ट्रिकसीनचे दशावतार जोरात आहेत. धूर निघतो, दिवे फिरतात. पोटापाण्याचा धंदा आहे, गर्दी होते, त्याला नावे ठेवायचे कारण नाही. पण बाकीचा सगळा वेळ हॅलोजनचा असा लख्ख उजेड असतो, की संकासुर येण्याआधी मागे चहा पिताना दिसतो. बत्तीच्या पिवळ्या उजेडासाठी शोधलेला रंग आता तोंडावर डिस्टेंपरसारखा वाटतो.

परवाच्या जत्रेत भाच्याने धीर करून कंपनीच्या मालकाला विनवले, “संकासुर येताना चारातले तीन दिवे बंद करूया.” मालक चपापले. म्हणाले, “अरे बाबा, उजेड कमी केलो तर लोक म्हणतले, कंपनीन लायटीचा बिल भरूक नाय!” शेवटी ‘फक्त पाच मिनिटां’ ह्या अटीवर तडजोड झाली. तीन दिवे विझले. मांडव एकदम गप्प झाला. खाज्याच्या दुकानावरचा गलबलासुद्धा थांबला. काळोखातून तो आवाज आला आणि पुढच्या रांगेतले एक पोर किंचाळून आजीच्या कुशीत शिरले. मालक पाच मिनिटे विसरले. पंधराव्या मिनिटाला पायपेटीवाल्यानेच ओरडून दिवे लावायला लावले. त्याला पट्ट्या दिसत नव्हत्या.

परीक्षेचा निकाल यायचा आहे. पण त्या आजीने दुसऱ्या दिवशी भाच्याला रस्त्यात गाठून विचारले, “काल दिवे तूच विझवलंस मां?” आणि हातावर खाज्याची पुडी ठेवली. दिवे लावल्याबद्दल आमच्या घराण्यात आजवर कोणाला बक्षीस मिळालेले नाही. विझवल्याबद्दल मिळालेले हे पहिलेच.