अचलपूरचे राष्ट्रकूट

राष्ट्रकूट म्हटलं की मान्यखेट आणि वेरूळ आठवतं. वऱ्हाडातलं अचलपूर कुणाला आठवत नाही. पण मान्यखेटच्या घराण्याचा संस्थापक दंतिदुर्ग याचा समनगड ताम्रपट इ.स. ७५३-५४चा. त्याआधी साठ वर्षं, शके ६१५मध्ये, नन्नराज नावाच्या राष्ट्रकूट राजाने दिलेल्या दानाचा ताम्रपट अकोला जिल्ह्यात सांगळूदला सापडला. बैतूलकडच्या मुलताई ताम्रपटात याच घराण्याची दुर्गराज, गोविंदराज, स्वामिकराज अशी वंशावळ येते, आणि तिवरखेडचं दान तर थेट अचलपुराहून दिलेलं आहे. पत्र्यांच्या कडीवरच्या मुद्रेत गरुड आहे. मान्यखेटच्या राजांचंही लांछन गरुडच. दंतिदुर्गाच्या पणजोबाचं नावही गोविंद, आणि त्याच्या एका काकाचं नन्न. अ. स. आळतेकरांनी अशा साम्यांवरून मान्यखेटच्या घराण्याचं मूळ वऱ्हाडात शोधलं, आणि मला ते पटतं.

वा. वि. मिराशींनी तिवरखेडच्या ताम्रपटाच्या अस्सलपणावर शंका घेतली, ती हलकी नाही. पण तो पत्रा बाजूला ठेवला तरी सांगळूद आणि मुलताई उरतातच. दुसरा आक्षेप 'लट्टलूरपुरवराधीश्वर' या बिरुदाचा: मूळ गाव लातूर, मग वऱ्हाड कुठून आलं? हे बिरुद मान्यखेटच्या अमोघवर्षाच्या काळच्या, म्हणजे दंतिदुर्गानंतर शंभरेक वर्षांनीच्या लेखांत दिसतं. ते कुळाचं जुनं गाव सांगतं, सत्ता कुठे रुजली ते नाही. लातूरहून निघालेलं कुळ अचलपुरात स्थिरावलं असेल, तर दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. दोन्ही वंशावळी जोडणारा थेट दुवा मात्र अजून कुठल्याही पत्र्यावर आढळलेला नाही, म्हणून दंतिदुर्ग नन्नराजाचा वंशज होता असं ठामपणे लिहिणं मला मान्य नाही. तो त्याच भावकीतला असावा, इतकंच म्हणता येतं.