ऑपरेशननंतरची वर्षं

खानदेशात आखाजीला पाहुण्याने दोन घासांत हात धुतला, तर वाढणारीला ते लागतं. खापरावरची पुरणपोळी, वाटीभर आमरस, वरून तूप आणि त्याहून वर आग्रह. पण त्या पाहुण्याचं वजन कमी करायचं बायपास ऑपरेशन झालं असेल, तर हाच आग्रह त्याला महागात पडतो. गोड पदार्थ भराभर आतड्यात उतरतात. अर्ध्या तासात घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात कळ येते. डॉक्टर याला 'डम्पिंग' म्हणतात.

ऑपरेशन दोन-तीन तासांत आटोपतं. त्याचा हिशेब मात्र पंधरा-वीस वर्षं चालतो. वजन कमी करायच्या शस्त्रक्रियेचा खरा इतिहास हा त्या हिशेबाचाच इतिहास आहे.

सुरुवात १९५४ची. अमेरिकेत मिनेसोटातल्या क्रेमेन आणि लिनर या सर्जनांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून दोन टोकं जोडायची कल्पना मांडली. अन्न अंगी लागायला जागाच उरली नाही, तर वजन उतरणारच. तसं ते उतरलंही. पुढच्या पंचवीस वर्षांत हजारो लोकांनी असं ऑपरेशन करून घेतलं. मग एकेक तक्रार पुढे येऊ लागली. न थांबणारे जुलाब, मुतखडे, सुजलेले सांधे, आणि काहींची यकृतं निकामी. १९८०च्या आसपास ही पद्धत जवळपास बंद पडली. अनेकांना आतडी पूर्ववत जोडून घेण्यासाठी पुन्हा टेबलावर झोपावं लागलं.

दरम्यान आयोवात एडवर्ड मेसन यांच्या लक्षात एक जुनी गोष्ट आली होती. अल्सरसाठी ज्यांच्या जठराचा भाग काढला जातो, त्यांचं वजन सहसा वाढत नाही. १९६६मध्ये त्यांनी जठराचा वरचा छोटा कप्पा वेगळा करून तो थेट आतड्याला जोडला. आजच्या बायपासचं मूळ ते. पण मेसन यांचं तेवढंच मोठं काम दुसरं आहे. सगळ्या सर्जनांनी आपापल्या रुग्णांचं पुढे काय झालं हे एका ठिकाणी लिहून ठेवावं, म्हणून त्यांनी नोंदवही सुरू केली. पहिल्या पद्धतीची किंमत कळायला इतका उशीर झाला, त्यावरचा हा उपाय होता.

लिहून ठेवल्याने काय कळतं, ते स्वीडनने दाखवलं. १९८७मध्ये तिथे ऑपरेशन झालेल्या सुमारे २,००० आणि न झालेल्या जवळपास तितक्याच लठ्ठ लोकांचा मागोवा सुरू झाला. ज्यांना आधी मधुमेह होता, त्यांच्यापैकी ७२ टक्क्यांचा तो ऑपरेशननंतर दोन वर्षांनी गेलेला होता. पंधरा वर्षांनी पाहिलं, तर हा आकडा ३० टक्क्यांवर आला होता. २०२०मध्ये आयुष्याचा हिशेब आला. ऑपरेशन झालेले लोक न झालेल्यांपेक्षा सरासरी तीन वर्षं जास्त जगले, तरी सर्वसाधारण लोकांपेक्षा साडेपाच वर्षं कमीच. म्हणजे फायदा खरा आहे, पण चमत्कार नाही.

आपल्याकडे मात्र बातमी होते ती किलोंची. फेब्रुवारी २०१७मध्ये इजिप्तची इमान अहमद मालवाहू विमानाने मुंबईत आली. वजन सुमारे ५०० किलो सांगितलं जात होतं. सैफी हॉस्पिटलमध्ये ७ मार्चला तिचं ऑपरेशन झालं आणि काटा किती खाली आला, याचे आकडे रोज छापून आले. एप्रिलमध्ये बहिणीने त्या आकड्यांवर आक्षेप घेतला, हॉस्पिटलने तो फेटाळला. मे महिन्यात तिला अबुधाबीला हलवलं. २५ सप्टेंबरला ती तिथेच गेली. तिथल्या हॉस्पिटलने हृदयाचा आणि मूत्रपिंडांचा आजार ही कारणं सांगितली. वजन उतरत असतानाही शरीराचे जुने आजार आपापल्या वाटेने चालूच होते.

आज भारतात सर्वांत जास्त होते ती 'स्लीव्ह'. यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात. सुरुवातीच्या दिवसांतला धोका म्हणजे शिवणीतून गळती आणि रक्ताच्या गाठी. पुढे स्लीव्हनंतर काहींची जळजळ वाढते. बायपासनंतर आतडं अडकू शकतं, आणि बिडी-सिगारेट चालू असेल तर जोडाजवळ अल्सर होतो. पित्ताशयात खडे होतात. काहींचं वजन परतही येतं.

पण जळगाव-धुळ्याकडच्या माणसासाठी खरा प्रश्न वेगळा आहे. समजा, ऑपरेशन मुंबईत झालं आणि माणूस रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटर मागे घरी आला. दुसऱ्या महिन्यात उलट्या सुरू झाल्या. गावातला दवाखाना काय करणार? सलाईन लावणार. सतत उलट्या होणाऱ्या अशा रुग्णाच्या शरीरातलं बी-१, म्हणजे थायमिन, संपत आलेलं असतं. आधी थायमिन न देता ग्लुकोजची बाटली चढवली, तर उरलंसुरलंही खर्ची पडतं. मग नजर दुहेरी होते, तोल जातो, भ्रम होतो, आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. टाळायला लागतं ते थायमिनचं साधं, स्वस्त इंजेक्शन.

बी-१२चं याउलट. त्याचा साठा यकृतात असतो, म्हणून कमतरता एक-दोन वर्षांनी, कधी आणखी उशिरा दिसते. पायाला मुंग्या येतात, विसरायला होतं. घरचे म्हणतात, वय झालं. शाकाहारी घरात तर हा साठा आधीच तुटपुंजा असतो. लोहाचंही तसंच, आणि पाळी येणाऱ्या बायकांमध्ये जास्त. म्हणून दरवर्षी रक्ततपासणी आणि जन्मभर गोळ्या. वजन उतरलं की सगळ्यात आधी बंद होतात त्या याच.

तुमच्या घरात कुणाचं हे ऑपरेशन झालं असेल, तर डिस्चार्ज कार्डाचा फोटो आजच मोबाइलमध्ये काढून ठेवा. कोणत्याही दवाखान्यात पहिलं वाक्य असू द्या, "माझं जठराचं ऑपरेशन झालंय." आणि आखाजीला ते दोन घासांत उठले, तर उठू द्या.