तापीचा पूर आणि निरोपाचे वय

१/ पूर ओसरला की लोक पाण्याची उंची लक्षात ठेवतात. धरणावरच्या अभियंत्याला मात्र आणखी एक गोष्ट मोजावी लागते: हाती आलेली बातमी किती जुनी आहे? खानदेशातल्या तापीचा इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो.

२/ मुलताईहून निघालेली तापी सुमारे ७२४ कि.मी. वाहत सुरतेपुढे समुद्राला मिळते. चांगदेवला तिला पूर्णा भेटते. त्याखाली भुसावळजवळ ४१ दरवाज्यांचे हतनूर धरण आहे. पुढे वाघूर, गिरणा, बोरी, अनेर आणि पांझरा मिळतात. म्हणूनच हतनूरचा आकडा ताजा असला, तरी तो पूर्ण नसतो.

३/ १९५८ साली दिल्लीच्या यमुनेपासून देशात शास्त्रीय पूर-अंदाज सुरू झाला. ऑगस्ट १९६८ मध्ये तापीने सुरत बुडवली. १९७२ साली उकाई धरण पूर्ण झाले. बुऱ्हाणपूर, भुसावळ, धुळे जिल्ह्यातील गिधाडे येथील केंद्रीय जल आयोगाच्या नोंदी खालच्यांना सावध करू लागल्या.

४/ यामागील तत्त्व साधे आहे. पाण्याला खाली पोहोचायला कित्येक तास लागतात. बिनतारी निरोपाला काही क्षण. या दोहोंतील अंतर हीच माणसांची सवड. समजा, पाणी तासाला अर्धा मीटर चढते आहे. मग तीन तास जुनी नोंद दीड मीटरने खोटी ठरते. म्हणून पूर चढत असताना नोंदी दाट घ्याव्या लागतात.

५/ दुसरी अडचण परिणामाची. दरवाजे आता उघडले, तरी त्याचा परिणाम सुरतेत दिसायला वेळ लागतो. परिणाम पाहून निर्णय बदलू म्हणणारा नेहमी उशिरा पोहोचतो.

६/ ऑगस्ट २००६. वर मुसळधार पाऊस, उकाईत पाण्याचा लोंढा. विसर्ग सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत गेला आणि सुरतेचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. पाणी आधीपासूनच सोडायला हवे होते का, हा वाद पुढे बराच काळ चालला. त्यातून एक गोष्ट मात्र स्पष्ट होते: धरणात जागाच उरली नसेल, तर ताजी बातमीही हतबल ठरते.

७/ आज संवेदक आपोआप आकडे पाठवतात. पण संवेदक मुका झाला, तर पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहू शकतो, आणि तो खराच वाटतो. म्हणून पाणीपातळी वाचण्याआधी तिच्याखालची वेळ वाचावी. नदी तोवर पुढे गेलेली असते.